स्टेरॉइडने विरघळलेली मेंदूतली गाठ आणि 'गाठीच्या पेशी आढळल्या नाहीत' असा बायोप्सी अहवाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ५८. महिनाभरात विसरभोळेपणा वाढला, बोलणं कमी झालं, चालताना तोल जाऊ लागला. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे कॉर्पस कॅलोसममध्ये, एकसंध चमकणारी गाठ दिसली. त्याच दिवशी डेक्सामेथासोन ४ मिग्रॅ दिवसातून चार वेळा आणि सोबत टीबीची औषधं सुरू झाली. तीन दिवसांत वडील ओळखून बोलायला लागले. बाराव्या दिवशी बायोप्सी झाली. अहवालात लिहिलं आहे: 'ग्लायोसिस, फेसाळ मॅक्रोफेज, रक्तवाहिन्यांभोवती थोडे लिम्फोसाइट, गाठीच्या पेशी आढळल्या नाहीत.' नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. मग ही टीबीची गाठ होती का? आणि सगळं सुधारत असताना दुसऱ्या बायोप्सीची गोष्ट कशाला?

आधी थेट उत्तर देतो. या अहवालावरून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. तुम्ही सांगितलेल्या चित्रात सर्वांत आधी शंका येते ती मेंदूतल्या लिम्फोमाची (प्रायमरी सीएनएस लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा मेंदूत सुरू होणारा कॅन्सर), आणि हा आजार स्टेरॉइड चालू असताना बायोप्सीत हुलकावणी देतो. टीबीची शक्यता शून्य नाही, पण तिच्या बाजूने तुम्ही दिलेला पुरावा, म्हणजे औषधांवर गाठ झपाट्याने लहान होणं, हा टीबीचा पुरावा मुळीच नाही. आत्ता करायची कामं तीन: आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) न्यूरोपॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेणं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड उतरवत बंद करणं, आणि ठरलेल्या अंतराने एमआरआय करत राहून गाठ पुन्हा दिसताच स्टेरॉइडशिवाय बायोप्सी करणं. यातलं प्रत्येक काम कसं करायचं आणि कुठे बिघडतं, ते पुढे लिहितो.

मेंदूतून सुरू होणाऱ्या गाठींमध्ये लिम्फोमाचा वाटा शंभरात साधारण दोन ते चार इतकाच असतो. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गाठी डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारच्या, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या मोठ्या बी-लिम्फोसाइटच्या असतात. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना हा आजार जास्त होतो. आपल्याकडे मात्र ज्यांच्यात तो सापडतो त्यातले बहुतेक रुग्ण प्रतिकारशक्ती शाबूत असलेले, पन्नाशी-साठीच्या आसपासचे असतात. त्यामुळे 'एचआयव्ही निगेटिव्ह आहे, म्हणजे लिम्फोमा नाही' हा तर्क चालत नाही. एचआयव्हीची तपासणी करायचीच, पण त्या निकालावरून लिम्फोमा वगळायचा नाही.

एमआरआयमधली काही लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवतात. गाठ वेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) कडेला, कॉर्पस कॅलोसममध्ये किंवा मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियात असते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर सगळीकडे सारखी चमकते. डिफ्यूजनमध्ये पाण्याची हालचाल अडलेली दिसते, कारण पेशी अगदी दाटीने असतात. टी२ चित्रात ती फारशी पांढरी होत नाही. कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीत ती आसपासच्या मेंदूपेक्षा थोडी घट्ट, पांढरट दिसते. रक्तस्राव आणि चुन्याचे ठिपके क्वचितच. उलट ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या आधारपेशींच्या आक्रमक कॅन्सरमध्ये) मधला भाग सडलेला आणि कडेला वेडंवाकडं चमकणारं कडं असतं. एचआयव्ही असलेल्या रुग्णांत लिम्फोमाही कड्यासारखा दिसतो, तेव्हा टॉक्सोप्लाझ्मोसिसशी (एका परजीवीच्या संसर्गाशी) गल्लत होते. हे सगळे संकेत आहेत, निदान नव्हे. एमआरआयवरून लिम्फोमाची केमो सुरू करत नाहीत, आणि करूही नये.

आता स्टेरॉइडचं. डेक्सामेथासोन दोन वेगवेगळी कामं करतं आणि ती वेगळी समजून घेतली नाहीत तर घोटाळा होतो. एक, ते रक्तवाहिन्यांची गळती थांबवतं. सूज उतरते, रुग्णाला बरं वाटतं, आणि कॉन्ट्रास्टही बाहेर झिरपत नसल्याने गाठ प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा लहान, फिकी दिसते. हे कोणत्याही गाठीत होऊ शकतं. दोन, लिम्फोसाइटच्या आत असलेल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटून ते त्या पेशीला आत्मनाश करायला लावतं. काही तासांत हे सुरू होतं आणि काही दिवसांत गाठीचा मोठा भाग पाण्यात पडलेल्या खडीसाखरेसारखा विरघळतो. मरतात त्या स्टेरॉइडला दाद देणाऱ्या पेशी. न देणाऱ्या मागे उरतात, रक्तवाहिन्यांच्या कडेने मेंदूत पसरलेल्या राहतात, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठ परत येते. कधी त्याच जागी, कधी दुसऱ्याच ठिकाणी. नुसत्या स्टेरॉइडवर लिम्फोमा बरा होत नाही.

स्टेरॉइडने लहान होणाऱ्या गाठी लिम्फोमाखेरीज इतरही आहेत: मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) झडण्याच्या आजाराचा गाठीसारखा दिसणारा प्रकार, सार्कॉइडोसिस, तरुणांमध्ये जर्मिनोमा. म्हणून स्टेरॉइडला मिळालेला प्रतिसाद हेही निदान नव्हे. तो फक्त शंकेची दिशा बदलतो.

टीबीबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात ही चूक वारंवार होण्यासारखी परिस्थिती आहे. टीबी आपल्याकडे इतका सर्रास आहे की मेंदूत चमकणारी गाठ दिसली की पुराव्याआधीच एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते, आणि सोबत स्टेरॉइडही. मग गाठ लहान झाली की श्रेय एकेटीला जातं. पण ट्यूबरक्युलोमा (टीबीची गाठ) असा वागत नाही. तो आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने ओसरतो, आणि उपचाराच्या सुरुवातीच्या काळात कधी कधी उलट वाढलेला दिसतो. अशी थोड्या दिवसांत निम्मी झालेली गाठ ही स्टेरॉइडची करामत समजायची. टीबीचा आग्रह धरायचा असेल तर त्याचा स्वतंत्र पुरावा शोधा: छातीचा सीटी, मान किंवा छातीतल्या ग्रंथी, पाठीच्या पाण्यावर आणि बायोप्सीच्या तुकड्यावर सीबीनॅट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी चाचणी) व कल्चर, तुकड्यात ग्रॅन्युलोमा (टीबीत बनणारा पेशींचा पुंजका). वडिलांच्या अहवालात ग्रॅन्युलोमाचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या.

यात एक औषधी गुंता आहे, तो सहसा सांगितला जात नाही. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम वाढवतं आणि डेक्सामेथासोन लवकर संपवतं. फेनिटॉइनही तेच करतं. म्हणजे ही औषधं चालू असताना कागदावरचे १६ मिग्रॅ शरीरात बऱ्याच कमी डोससारखे वागतात. आणि रिफॅम्पिसिन बंद केलं की पुढच्या एक-दोन आठवड्यांत त्याच गोळीचा परिणाम वाढतो. एकेटी चालू ठेवायची की थांबवायची आणि स्टेरॉइड कसं उतरवायचं, हे दोन निर्णय एकाच डॉक्टरांनी एकत्र घ्यावेत. फिट येत असतील तर फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासिटाम सोयीचं, पुढच्या केमोच्या दृष्टीनेही.

आता पॅथॉलॉजीकडे. अनोळखी वाटणाऱ्या अहवालाचा अर्थ इथेच लागतो. उपचार न झालेल्या लिम्फोमात मोठ्या, गोल, ठळक न्यूक्लिओलस असलेल्या पेशी रक्तवाहिन्यांभोवती एकावर एक कडी करून बसतात. पर्सिव्हल बेली यांनी १९२९ साली वर्णन केलेली ही मांडणी आजही निदानाचा पहिला आधार आहे. रेटिक्युलिन रंग दिला की वाहिनीच्या भिंतीचे तंतू कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटे झालेले दिसतात. स्टेरॉइडनंतर याच जागी उरतं ते: मेलेल्या पेशींचा चुरा, तो गिळून फेसाळ झालेले मॅक्रोफेज, वाहिन्यांभोवती छोटे टी-लिम्फोसाइट, आणि भोवती चिडलेले अॅस्ट्रोसाइट म्हणजे ग्लायोसिस. तुमच्या अहवालात नेमकं हेच लिहिलं आहे. लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने चुकीचं काही लिहिलेलं नाही. त्यांना दिसलं तेच लिहिलं. फक्त बायोप्सीच्या विनंती अर्जावर बहुतेक वेळा 'एसओएल ब्रेन' (मेंदूत जागा व्यापणारी गाठ) एवढे दोनच शब्द असतात, स्टेरॉइड किती दिवस चालू होतं ते नसतं, आणि मग या चित्राचा खरा अर्थ सांगणारी टीप अहवालात येत नाही.

हे चित्र मायलिन झडण्याच्या आजाराशी इतकं मिळतंजुळतं असतं की दोन्ही वेगळे करायला खास रंग लागतात. लक्सॉल फास्ट ब्लू मायलिन दाखवतो आणि न्यूरोफिलामेंट अॅक्सॉन, म्हणजे आवरणाच्या आतला तंतू. मायलिन गेलंय पण अॅक्सॉन बरेचसे शाबूत आहेत, कड रेखीव आहे, मॅक्रोफेजच्या पोटात निळे मायलिनचे कण आहेत, तर डिमायलिनेशन, म्हणजे मायलिन झडण्याचा आजार. मायलिन आणि अॅक्सॉन दोन्ही गेलेत, मध्ये सडलेला भाग आणि मेलेल्या पेशींचे सांगाडे आहेत, तर स्टेरॉइडने झोपवलेल्या लिम्फोमाची शंका बळावते. मेलेल्या सांगाड्यांवरही सीडी२० (बी-पेशींवरची खूण) कधी कधी टिकून राहतो. म्हणून 'पेशी नाहीत' असं म्हणण्याआधी सीडी२० चा रंग देऊन बघायलाच हवा. इथेही सावधगिरी लागते: लिम्फोमा उघड होण्याच्या काही महिने आधी, क्वचित वर्षभराहूनही जास्त आधी, त्याच रुग्णात खऱ्या डिमायलिनेशनसारखा डाग दिसल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात आहेत, तेही स्टेरॉइड न घेतलेल्या रुग्णांत. त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच 'एमएससारखा (मल्टिपल स्क्लेरोसिससारखा, मायलिन झडण्याचा) आजार' असं निदान हाती आलं तर पाठपुरावा सोडायचा नाही.

पहिलं काम, म्हणून, आधीच्या तुकड्याचं. ज्या ठिकाणी बायोप्सी झाली तिथे लेखी अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक मागा. नुसत्या रंगवलेल्या काचा पुरत नाहीत, कारण नवे रंग ब्लॉकमधूनच कापलेल्या चकत्यांवर होतात. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर सगळे मागा. सोबत मूळ काचा, बायोप्सीच्या आधीचा आणि नंतरचा एमआरआय सीडीवर, आणि एक साधा कागद: स्टेरॉइड कोणत्या तारखेला, किती मात्रेत सुरू झालं, बायोप्सी कोणत्या तारखेला झाली, बायोप्सी गाठीच्या कोणत्या भागातून घेतली. मुंबईत टाटा मेमोरियल किंवा बंगळूरला निम्हान्स अशा, मेंदूच्या गाठी रोज बघणाऱ्या विभागात हे नेल्यास उत्तर ठाम मिळण्याची शक्यता वाढते. ब्लॉक परत मिळाल्याची पोच जपून ठेवा. तो पुढे पुन्हा लागेल.

त्या ब्लॉकवर काय मागायचं? सीडी२०, पॅक्स५ आणि सीडी७९ए (बी-पेशींसाठी, एका मार्करवर भिस्त ठेवू नये), सीडी३ (टी-पेशी), सीडी६८ (मॅक्रोफेज), केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत), जीएफएपी (अॅस्ट्रोसाइट), वर सांगितलेले मायलिन व अॅक्सॉनचे रंग, आणि जंतूंसाठी झील-नीलसन, पीएएस व सिल्व्हर. तुकडा उरला तर एमवायडी८८ जनुकातला एल२६५पी हा बदल शोधता येतो. मेंदूतल्या लिम्फोमात तो निम्म्याहून बऱ्याच अधिक रुग्णांत सापडतो, डिमायलिनेशनमध्ये नाही. मोजक्या पेशी उरलेल्या असल्या तरी संवेदनशील पद्धतीने तो पकडता येतो. बी-पेशी एकाच कुळातल्या आहेत का हे पाहणारी आयजीएच चाचणीही होते, पण फार थोड्या पेशींवर ती खोटं 'एकाच कुळातल्या' उत्तर देते. म्हणून दोन वेळा स्वतंत्रपणे करून तेच उत्तर आलं तरच मानायचं.

दुसरं काम स्टेरॉइड थांबवण्याचं. तीन आठवडे होत आले असतील तर अॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) झोपलेल्या असू शकतात. घरच्या घरी गोळी एकदम बंद करायची नाही. दर तीन-चार दिवसांनी मात्रा निम्मी करत १६, ८, ४, २, १ मिग्रॅ असं उतरणं ही एक नेहमीची पद्धत आहे. वडिलांसाठी नेमका वेग त्यांचे डॉक्टर ठरवतील. उतरवताना उलट्या, खूप अशक्तपणा, रक्तदाब किंवा साखर खाली जाणं हे ग्रंथी काम करत नसल्याचं लक्षण. डोकेदुखी वाढून झोपाळूपणा येणं हे गाठ किंवा सूज परतल्याचं. दोन्हीत त्याच दिवशी दवाखाना. आणि दम्यासाठी, सांध्यांसाठी, अंगाला खाज म्हणून कुणी दिलेलं इंजेक्शन किंवा पुडी या काळात घेऊ नये. त्यात स्टेरॉइड असलं तर सगळा पाठपुरावा वाया जातो. डोळ्यांचे स्टेरॉइड थेंब चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

जीव धोक्यात असेल तर मात्र हे सगळं बाजूला. मेंदू दाबला जाऊन बाहुली मोठी होते आहे, शुद्ध हरपते आहे, अशा वेळी स्टेरॉइड रोखून धरणं चूक आहे. मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक सलाइनने दाब उतरवून वेळ काढता येतो. मॅनिटॉल २० टक्के, किलोमागे पाव ते एक ग्रॅम या हिशेबाने, सोडियम आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर स्टेरॉइड द्यायचंच, आणि बायोप्सी शक्य तितक्या लवकर, शक्यतो त्याच किंवा दुसऱ्या दिवशी करायची. स्टेरॉइड सुरू झालं म्हणून बायोप्सी रद्द करण्याचंही कारण नाही. गाठ अजून चमकत असेल तर स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांतही निदान अनेकदा होतं. अडचण होते ती गाठ विरघळल्यावर, उरलेल्या पोकळीतून तुकडा घेतला की.

तिसरं काम एमआरआयचं. स्टेरॉइड पूर्ण थांबल्यानंतर चार आठवड्यांच्या आसपास पहिला कॉन्ट्रास्ट एमआरआय, मग सुरुवातीचे काही महिने साधारण दर महिन्याला, पुढे अंतर वाढवत. लक्षणं आली तर तारखेची वाट न बघता लगेच. शक्यतो तेच मशीन आणि तेच क्रम, म्हणजे तुलना खरी होते. गाठ परत चमकली की बायोप्सीची तारीख आधी आणि स्टेरॉइड नंतर, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या. रात्री-अपरात्री वेगळ्याच दवाखान्यात जावं लागलं तर ड्यूटीवरचे डॉक्टर सवयीने डेक्सा देतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दरम्यान मेंदूला हात न लावता निदान मिळण्याच्या वाटा आहेत. डोळे: स्लिट-लॅम्पने व्हिट्रिअस (डोळ्यातला जेलीसारखा भाग) बघून घ्या, धुरकट दिसण्याची तक्रार नसली तरी. या लिम्फोमात साधारण पंधरा ते पंचवीस टक्के रुग्णांचे डोळेही बाधित असतात, आणि त्यातल्या कित्येकांचा 'युव्हायटिस' म्हणून स्टेरॉइड थेंबांवर आधीच इलाज चाललेला असतो. व्हिट्रिअसमध्ये पेशी दिसल्या तर व्हिट्रेक्टॉमीच्या नमुन्यातून सायटोलॉजी (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा यंत्राने मोजणं) आणि एमवायडी८८ होऊ शकतं. पाठीचं पाणी: गाठीचा दाब नसेल तरच, किमान १० मिली, आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत, कारण लिम्फोमाच्या पेशी बाटलीत झपाट्याने नष्ट होतात. नुसत्या सायटोलॉजीत सापडण्याचं प्रमाण कमी. फ्लो सायटोमेट्री सोबत लावावी. पाणी बायोप्सीच्या आधी काढावं, नाहीतर बायोप्सीनंतर किमान आठवडाभर थांबावं. त्याच पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, आणि रक्तात एक्यूपी४ व एमओजी प्रतिपिंडं पाहिली की डिमायलिनेशनचाही पाठपुरावा होतो. बाकी शरीर: छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी किंवा पेट स्कॅन, आणि पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी. वृषणातला लिम्फोमा मेंदूत जातो, आणि तिथून तुकडा मिळणं कितीतरी सोपं. रक्तात एलडीएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, क्रिएटिनिन.

आता दुसरी बायोप्सी, वेळ आली तर. पहिल्या वेळी जे निसटलं ते निसटू नये म्हणून बारकावे लिहितो; ते तुमच्या न्यूरोसर्जनना विचारायला संकोच करू नका.

नियोजनाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय त्याच दिवशीचा किंवा आदल्या दिवशीचा हवा. जुन्या चित्रावर फ्रेम किंवा नेव्हिगेशन लावलं तर सुई रिकाम्या जागेत जाते. लक्ष्य चमकणारा भाग. मधला सडलेला किंवा बाहेरचा नुसता सुजलेला भाग नव्हे. कडेने कापणाऱ्या सुईची खिडकी साधारण १० मिमीची असते. एकाच जागी सुई फिरवून चार दिशांना, आणि थोडं पुढे-मागे करून, निदान चार ते सहा तुकडे मिळावेत. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल साधारण आठवडाभर आधी, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून थांबवतात. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बघतात, कारण या शस्त्रक्रियेतला खरा धोका रक्तस्रावाचा आहे.

शस्त्रक्रिया चालू असतानाच स्क्वॉश तपासणी व्हावी. टाचणीच्या डोक्याएवढा कण दोन काचांमध्ये दाबून ओढायचा आणि तत्क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकायचा. काही सेकंद उघडी राहून काच सुकली तरी केंद्रकं फुगून येतात आणि काहीच कळत नाही. लिम्फोमाच्या पेशी सुट्या-सुट्या पसरतात, मागे तंतूंचं जाळं नसतं, अधूनमधून मेलेल्या पेशी गिळलेले मॅक्रोफेज असतात, वाहिन्यांना पेशी लगडलेल्या असतात. ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीत) पेशी तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या दिसतात. स्क्वॉशमध्ये नुसता ग्लायोसिस आणि फेसाळ पेशी दिसल्या तर पॅथॉलॉजिस्टने तसं फोनवर सांगायचं आणि सर्जनने सुई हलवून आणखी तुकडे घ्यायचे. टेबलावरच हा संवाद झाला तर तिसरी शस्त्रक्रिया वाचते. सगळा तुकडा फ्रोझनला (गोठवून लगेच तपासायला) वापरू नये. गोठवताना बर्फाच्या कणांनी पेशींना भोकं पडतात आणि पुढचे रंग बिघडतात.

उरलेले तुकडे सुक्या गॉझवर ठेवायचे नाहीत (तंतूंना चिकटतात, सुकतात), सलाइनमध्ये रात्रभर ठेवायचे नाहीत. थेट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात, निदान सहा तास. त्याआधी एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा काढून सीबीनॅट, टीबी आणि बुरशीच्या कल्चरला. फॉर्मेलिनमध्ये पडलेला तुकडा कल्चरला निरुपयोगी असतो, आणि हे ऑपरेशन थिएटरमध्ये हमखास विसरलं जातं. प्रयोगशाळेत ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच पंधरा-वीस न रंगवलेल्या चकत्या लेप दिलेल्या काचांवर काढून ठेवाव्यात. प्रत्येक नव्या रंगासाठी ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला की तो सपाट करण्यातच तुकड्याचा बराच भाग घासून जातो, आणि एक मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात तेवढी चैन परवडत नाही.

अहवाल आल्यावर त्यात या गोष्टी असाव्यात: सीडी२० पॉझिटिव्ह मोठ्या पेशी, सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१ (बहुतेक वेळा सीडी१० निगेटिव्ह, एमयूएम१ पॉझिटिव्ह), बीसीएल२ आणि एमवायसी, केआय-६७, जे या आजारात सहसा ७० टक्क्यांच्या वर, अनेकदा ९० च्या आसपास असतं, आणि एपस्टीन-बार विषाणूसाठी ईबीईआर. ईबीईआर पॉझिटिव्ह आला तर एचआयव्ही आणि प्रतिकारशक्तीच्या इतर तपासण्या पुन्हा तपासायच्या, कारण मग उपचाराची दिशा वेगळी असू शकते.

दुसऱ्या बायोप्सीचा एवढा आटापिटा कशासाठी, याचं उत्तर उपचारात आहे. उपचार न मिळाल्यास हा आजार काही महिन्यांत जीव घेतो. आणि योग्य उपचारांनी काही रुग्ण पूर्ण बरे होतात. पण मुख्य औषध, जास्त मात्रेचं मेथोट्रेक्सेट, चौरस मीटरला ३ ग्रॅम किंवा अधिक, टीबीत किंवा डिमायलिनेशनमध्ये अंदाजाने देण्यासारखं नाही. सोबत बहुधा रिटुक्सिमॅब आणि इतर औषधं, आणि उपचारांना साथ देणाऱ्या रुग्णांत पुढे थायोटेपावर आधारित केमोसह स्वतःच्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण. संपूर्ण मेंदूला रेडिएशन देण्याबाबत साठीच्या पुढे विशेष जपतात, कारण मेथोट्रेक्सेटनंतर ते दिल्यास स्मृती आणि चालणं कायमचं बिघडण्याचा धोका मोठा आहे. गाठ पूर्ण काढून टाकणं हा या आजाराचा मुख्य उपचार नाही. ग्लायोब्लास्टोमात तो महत्त्वाचा. वरवर सारख्या वाटू शकणाऱ्या दोन गाठींचे रस्ते इतके वेगळे आहेत.

मेथोट्रेक्सेटपर्यंत वेळ आली तर आजपासूनच एक गोष्ट सांभाळा: मूत्रपिंड. डोकेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. औषध सुरू होण्याआधी भरपूर सलाइन, सोडाबायकार्बने लघवीचा पीएच ७ च्या वर, सुमारे २४ तासांनी ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणाम रोखणारं औषध), आणि रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी रोज मोजून ती लिटरला ०.१ मायक्रोमोलच्या खाली येईपर्यंत ल्युकोव्होरिन चालू. ही पातळी त्याच दिवशी मोजून देणारी प्रयोगशाळा नसेल तिथे हा उपचार घेऊ नये. पोट दुखू नये म्हणून दिलेली पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी गोळी आणि स्टेरॉइडसोबत न्यूमोनिया टाळायला दिलेलं कोट्रायमोक्साझोल, दोन्ही मेथोट्रेक्सेटला शरीरात अडवून धरतात. ती केमोच्या आधी थांबवून बदली औषध लिहून घ्यावं लागतं. पोटात किंवा छातीत पाणी साठलेलं असेल तर ते आधी काढतात, कारण औषध तिथे साठून दिवसेंदिवस हळूहळू रक्तात परत येतं. आणि रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीचे दोन्ही निकाल, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, फाइलमध्ये हवेत. फक्त पहिला केलेला असतो, दुसरा आवर्जून मागून घ्या.